छपरावरची म्हातारी

मी आयुष्यभर काय काम केलं हे सांगितलं, की लोक आधी माझ्या पांढऱ्या केसांकडे बघतात. मागे एका लग्नात शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "तुम्ही नोकरी करायचात का हो?" मी म्हटलं, "नाही, माझं पार्लर होतं. खांदा कॉलनीत." त्यांनी माझ्या भुवया निरखून पाहिल्या. मग मला सांगावं लागलं, की ते पार्लर नव्हे, गेम पार्लर. टीव्हीसमोर बसून पोरं बटणं दाबतात ते. यावर त्या उठून दुसऱ्या पंगतीला गेल्या.

त्यांचं काही चुकलं नाही. मला स्वतःलाही हा धंदा सुचला नसता. त्याआधी त्याच दोन खोल्यांत माझं पाळणाघर होतं. दुपट्यातली पोरं मोठी झाली, कॉलेजात गेली आणि एक दिवस चौघं-पाचजण येऊन म्हणाली, "काकू, खोल्या रिकाम्याच आहेत, तर गेम पार्लर काढा. आम्हाला सांभाळायची सवय आहेच तुम्हाला." ते खरंच होतं. दुधाची बाटली गेली आणि हातात कंट्रोलर आला, बाकी रडणं-भांडणं तेच. आता गुडघे बोलायला लागले म्हणून पार्लर बंद केलंय, पण डोक्यातून ते जात नाही.

ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बहुतेक पोरं यायची फुटबॉल, मारामारी नाहीतर गाड्यांच्या शर्यतीसाठी. पण काही गेम गोष्टीचे असतात. ते खेळायला आठ-दहा बैठका लागतात. सिनेमातला नायक चुकला तर आपण खुर्चीत बसून त्याला नावं ठेवतो. इथे नायक आपण म्हणू तेच करतो. मध्येच गोष्ट थांबते आणि विचारते, आता काय? ह्याला वाचवायचं की त्याला? खरं बोलायचं की खोटं? बरं, दोन्हींपैकी एक बरोबर आणि एक चूक असं नसतंच. दोन्हीकडे काहीतरी हातचं जातं. मला हे फार आवडायचं. मी कुठलाही गेम आधी स्वतः पूर्ण खेळायची, मगच दुकानात लावायची. स्वतः चाखल्याशिवाय मी कधी पोरांना खिमटही भरवलं नाही.

हे गेम सगळे इंग्रजीत. ज्यांना ते झेपायचं नाही त्यांच्या मागे उभी राहून मी पडद्यावरचं मराठीत वाचून दाखवायची. सुरुवातीला मी त्यात माझा मीठमसाला घालत असे. एखादा गुंड अर्वाच्य बोलला की मी "अरे नालायका" एवढ्यावर भागवायची. पोरं वैतागायची, "काकू, तो एवढा सभ्य नाहीये हो!" पुढे नियमच केला, की पडद्यावर असेल तेवढंच वाचायचं, कमी नाही आणि जास्त नाही. दुसरा नियम असा, की गोष्टीत मरण, आजारपण, पूर-बिर काही असेल तर खेळणाऱ्याला आधी सांगायचं. पाहुण्याला आपण तिखट चालतं का विचारतोच की.

आणि आमच्याकडे पंचायत भरायची. कोणाच्याही टीव्हीवर असा पेच आला, की बाकीचे आपले खेळ थांबवून त्याच्या खुर्चीमागे जमायचे आणि बोंबलायचे. "सोड त्याला!" "अरे, मारतोस काय, तो मित्र आहे!" शेवटी हात वर करून मतं घ्यायची. मी चहा ओतता ओतता बघत राहायची. माझ्या एक गोष्ट लक्षात आली. ज्याच्यावर तसली वेळ खरोखर येऊन गेलेली असते, तो पंचायतीत कधी ओरडत नाही. तो मागे उभा राहून पडद्याकडे बघतो. मग मी त्या मागे उभ्या राहिलेल्यांकडे बघायला लागले.

कळंबोलीहून एक ट्रक ड्रायव्हर यायचा, जाधव. लोखंड भरून होईपर्यंत त्याला दिवस काढायचा असायचा. एका गेममध्ये औषधं घेऊन वेळेत पोचायचं असतं आणि वाटेत एक अपघात लागतो. थांबलं तर उशीर होऊन काम हातचं जातं. जाधव दर वेळी थांबायचा आणि दर वेळी हरायचा. हरला की समाधानानं चहा मागायचा. पंचायत कपाळ बडवून घेई. एकदा मी विचारलं, "जाधव, पुढचं बघायचं नाही का तुम्हाला?" तो म्हणाला, "पुढचं बघितलंय की काकू. घाटात एकदा थांबलो न्हवतो." एवढंच. मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला. नंतर तो यायचा बंद झाला. तो कुठे आहे, बरा आहे ना, असं अजून अधूनमधून मनात येतं.

दुसऱ्या आमच्या लेले मॅडम. मोठ्या कचेरीतून रिटायर झालेल्या, आवाज इतका मऊ, की ग्लासभर पाणी मागितलं तरी आरती म्हटल्यासारखं वाटावं. त्या गोष्टीत दुष्टपणाचाच पर्याय निवडायच्या. शरण आलेला असो, म्हातारा असो, गावचा गरीब न्हावी असो, कोणाला सोडायच्या नाहीत. पोरं त्यांना टरकून असायची. मी म्हटलं, "अहो, निदान त्या न्हाव्याला तरी सोडा." तर म्हणाल्या, "काकू, घरी सगळ्यांना सोडतेच ना मी." सासूबाईंचं अंथरुणातलं सगळं त्या एकट्या करायच्या, हे मला नंतर कळलं. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना न्हाव्याबद्दल काही बोलले नाही.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले तो प्रसंग.

नितेश पाटील हे माझं जुनं गिऱ्हाईक. गाढी नदीच्या काठच्या गावातला आगरी मुलगा, शिकून नोकरीला लागलेला, शनिवार चुकवायचा नाही. एका शनिवारी तो त्याच्या काकांना घेऊन आला. काशिनाथदादा पाटील म्हणजे पांढरा शर्ट, पांढरी पॅन्ट, गळ्यात करंगळीएवढी साखळी. एके काळी मिठागरात राबलेला माणूस, आता त्यांच्या जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या होत्या. ते नुसते बसायला आले होते. त्या दिवशी नितेशने होडीचा गेम लावला आणि काशिनाथदादा बसल्या जागी पुढे सरकले.

गेम असा. एका खोऱ्यात पूर येतो. आपण नावाडी. होडी एक आणि लहान, माणसं जास्त. दर खेपेला कोणाला घ्यायचं ते आपण ठरवायचं. शेवटच्या खेपेला एका घरात दोन मुलं असतात आणि त्याच घराच्या छपरावर एक म्हातारी. होडीत जागा फक्त मुलांपुरती, नाहीतर म्हातारीपुरती. मुलांना पोचवून परत येईपर्यंत छप्पर पाण्याखाली गेलेलं असतं. म्हातारी रडत नाही, हाका मारत नाही. ती एकदाच बोलते, "पाणी वाढतंय." बस्स.

पंचायत भरली, ओरडाआरडा झाला, हात वर झाले. नितेशने मुलांना घेतलं. काशिनाथदादांनी हात वर केला नाही. पण सोमवारी दुपारी ते एकटेच आले. "बाय, तो होरीचा गेम मना शिकव."

होडी हाकायला त्यांना शिकवावं लागलं नाही, बटणं तेवढी दाखवली. त्या आठवड्यात ते रोज दुपारी यायचे. सगळ्या खेपा झरझर करायचे आणि शेवटच्या घराशी अडायचे. मुलं आधी, म्हातारी आधी, वाटेत सामान फेकून, दुसऱ्या बाजूने वळसा घालून, सगळं करून बघितलं. दर वेळी कोणीतरी जायचंच. मग परत पहिल्यापासून. मला वाटलं, जिद्दी माणूस आहे, हरणं सोसत नाही.

एक दिवस त्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला. "बाय, तू सगले गेम पुरे खेलतेस ना? मंग मना खरा सांग. सगल्यांना वाचवायचा रस्ता हाय का यात?"

मी म्हटलं, "एवढं काय अडलंय दादा? गेम आहे."

ते दाराबाहेर बघत बोलायला लागले. वीसेक वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात भरतीचं पाणी आणि नदीचं पाणी एकत्र गावात शिरलं होतं. धाकटा भाऊ बाळाराम कामाला उरणला अडकलेला. घरात त्याची दोन पोरं आणि आई. काशिनाथदादा होडी घेऊन गेले. "होरी आमची लहान. पानी असा खेचीत व्हता, का एक मानूस जादा झाला तर सगली उलटली असती. आय माल्यावर चढलेली. मी पोरां घेतली. आयला बोललो, आलोच मी. परत गेलो तवा घरच नव्हता."

त्या दोन पोरांतला एक म्हणजे नितेश.

"बालाराम आला तो येवराच बोलला, आयला कशी सोरलीस? तवापासून माज्यासंगती बोलत नाय. भिंतीला भिंत हाय आमची. पालखी आमी दोगं उचलतो, तो फुडं, मी मागं. जेवाय बोलवाचा असला तरी पोराकरून निरोप. तो तरी काय बोलंल? त्याचीच पोरां वाचवली ना मी. त्याला मना शिव्या बी नाय घालता येत आनि माफ बी नाय करता येत."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "त्याला वाटतं रस्ता व्हता, मना दिसला नाय. मना बी तसाच वाटतं. म्हनून इचारतो. रस्ता हाय का?"

इथे माझी गोची झाली, कारण रस्ता होता.

गोष्ट सुरू होते तेव्हाच, पाणी नुकतं घोट्याशी असताना, सगळ्यांकडे पाठ फिरवून उलट दिशेला गेलं, तर गिरणीच्या मागे एक दुसरी होडी बांधलेली सापडते. ती जोडून आणली की शेवटच्या घरातली तिघंही मावतात. मला हे ठाऊक होतं. आणि हेही दिसत होतं, की "हो, आहे" म्हटलं तर हा माणूस उरलेला जन्म ती होडी शोधत बसेल. "नाही" म्हटलं तर सुटेल. एका शब्दाचं काम होतं. पण पडद्यावर असेल तेवढंच वाचायचं हा माझा नियम. एकदा मी माझ्या मनचं वाचायला लागले, की पुढच्या माणसानं माझ्यावर विश्वास का ठेवावा?

मी म्हटलं, "दादा, आज राहू दे. उद्या सांगते." ते हसले. "म्हंजे हाय."

मी रिकामे कप गोळा करायला लागले.

"सांग ना. खायाला नाय उठनार मी तुला."

मी गिरणीमागच्या होडीचं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरत गेला. बराच वेळ ते साखळीशी चाळा करत राहिले. "आमच्या गावात बी व्हती एक. देवलाच्या मागं. उलटी करून ठेवलेली, डांबर लावाला." मला वाटलं, झालं, घात केला मी ह्या माणसाचा.

मग एकदम त्यांनी विचारलं, "तुला पैल्यांदा खेलतानाच गावली ती होरी?"

"छे हो. मीही बुडवली म्हातारीला. दोनदा. मग इंटरनेटवर लोकांनी लिहिलेलं वाचलं तेव्हा कळलं."

"आनि ज्यांनी लिवला, त्यांना कसा कलला?"

"त्यांनाही बुडवल्यावरच. शेवटी काय होणार हे माहीत असल्याशिवाय सुरुवातीला कोण जाईल तिकडे? पोरं समोर रडतायत आणि हा पाठ फिरवून गिरणीकडे चाललाय, असं कोण करेल?"

"म्हंजे पैल्यांदा खेलनाऱ्याला..."

"नाही सापडत. एकालाही सापडली असेल असं मला वाटत नाही."

काशिनाथदादांनी टीव्हीकडे बघितलं. म्हातारी छपरावर बसलेली होती, गेम थांबवला होता तशीच. "आपुन तर एकदाच खेलतो, बाय," ते म्हणाले आणि डोळ्यांना रुमाल लावला. मलाही रडू आलं. लपवायचं काही कारण नव्हतं, दुकानात दोघंच होतो.

जाताना दारात थांबून ते म्हणाले, "बालारामला खेलवशील?"

मी स्पष्ट नाही म्हटलं. मी दुकान चालवत होते, कोर्ट नाही. एखाद्याच्या जखमेवरची खपली काढायला मी कोण? पण नितेशने गळ घातली. तो म्हणाला, "काकू, मी त्या होडीत होतो. आजी आठवत नाही मला, काकाचे हात आठवतात. घरात हे कोणाला सांगता येत नाही." मग मी अट घातली. गेम कसला आहे ते बापाला घरीच सांगायचं, फसवून आणायचं नाही. आणि नको वाटलं तर त्यांनी कधीही उठायचं.

पुढच्या बुधवारी दुपारी मी दारावर बंदची पाटी लावली. बाळाराम आले. भावासारखेच रुंद खांद्यांचे, पण साधा सदरा, पायात झिजलेल्या चपला. काशिनाथदादा मागच्या भिंतीशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. बाळाराम त्यांच्याकडे न बघता टीव्हीसमोर बसले. मी नियमाप्रमाणे म्हटलं, "पुराचा गेम आहे. वाईट वाटेल असं आहे त्यात."

"ठावं हाय," ते म्हणाले. "नितेश बोललाय. कंचा बटन हानू?"

मी त्यांच्या मागे उभी राहून वाचायला लागले. पहिल्या खेपेलाच त्यांनी होडीत खोट काढली. "असा वल्हा कोन मारतं? ही होरी करनारा कवा पान्यात तरी उतरला काय?" नितेश हसला. मागच्या खुर्चीतून खाकरल्याचा आवाज आला, तोही हसू दाबल्यासारखा. बाळाराम चांगले खेळत होते. घाई नाही, गोंधळ नाही. आधी लहान मुलं, मग बायका. एकदाही चूक केली नाही. मी मनात म्हटलं, हा माणूस पुरात असता तर त्यानं असंच केलं असतं.

शेवटचं घर आलं. दोन मुलं खिडकीत, म्हातारी छपरावर. मला ओळ वाचायची होती. खरं सांगते, जीभ वळवळली. "पोरांना घेऊन जा, माझी काळजी करू नकोस," एवढं म्हातारीच्या तोंडी घातलं असतं तर बाळारामांना कळलं नसतं, बाकी दोघांनी मला टोकलं नसतं आणि दोन घरांचं भलं झालं असतं. इंग्रजी एकटी मीच वाचत होते. नितेशलाही येतं, पण तो माझ्याकडे बघत होता, पडद्याकडे नाही.

मी वाचलं, "पाणी वाढतंय."

बाळाराम थांबले. होडी मुलांकडे नेली, परत छपराकडे आणली, परत मुलांकडे नेली. ह्या गेममध्ये आपण थांबलो म्हणून पाणी थांबत नाही. खिडकीची चौकट बुडाली. म्हातारीचे पाय पाण्यात गेले. बाळारामांचे अंगठे बटणांवर होते, पण दाबत नव्हते.

आणि मग टीव्हीवरची नजर न काढता, वीस वर्षं ज्याच्याशी बोलले नाहीत त्या भावाला त्यांनी विचारलं, "दादा, आता काय करू?"

काशिनाथदादा उठले. खुर्ची मागे पडली, त्यांना कळलंही नाही. ते येऊन भावाच्या शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "मना बी नव्हता ठावं रे, बाला."

कोणीच बटण दाबलं नाही. पाणी आलं आणि पडदा काळा झाला. थोड्या वेळानं त्यावर एक ओळ उमटली. बाळारामांनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं आणि मला विचारलं, "काय लिवलाय?"

"पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं का, असं विचारतंय."

त्यांनी कंट्रोलर माझ्या हातात ठेवला. "नको," ते म्हणाले. "चल, दादा."

दोघं नितेशला विसरून काशिनाथदादांच्या गाडीत बसून निघून गेले. नितेश रिक्षा शोधत कोपऱ्यापर्यंत गेला आणि मी ती पडलेली खुर्ची उचलली.